टोक धरा, मावशी

ललिता राठोड माझ्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायला आली तेव्हा तिच्या सामानात एक गादी, एक शेगडी, चार कपडे आणि मोजमापाची सात साधनं होती. सात, कारण मी मोजली. मी सेनगावात चाळीस वर्षं बायकांचे ब्लाऊज शिवले, ते एका इंचटेपवर. हिला सात कशाला लागतात असं मला वाटलं आणि मी ते तिला तोंडावर विचारलं.

“तुमी माणूस मोजता, मावशी. मी माणसाच्या भोवतीची जागा मोजते. माणूस हात वर कर म्हटलं की करतो. भिंत कुणाचं ऐकत न्हाई.”

मला हे बोलणं आगाऊ वाटलं. पोरगी तिशीची, उंच, हाडकुळी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. उजव्या हातात बांगडी घालायची नाही, टेपवर आपटते म्हणून. तिचा तांडा सेनगावपासून जीपनं अर्ध्या तासावर. आईबाप ऊसतोडीला जाणारे. ही पुण्यात घराच्या आतल्या मांडणीचं शिक्षण शिकली, तिथंच चार वर्षं नोकरी केली आणि परत आली. परत का आली याचा गल्लीला मोठा घोर. नोकरी गेली का? लग्न मोडलं का?

“दोनी न्हाई,” ती सांगायची. “तिकडच्या लोकांला पडदे निवडायला माणूस लागतं. इकडं दार उघडलं की पलंगाला धडकतं, अन् लोक म्हणतात, नवं घर बांधलं.”

तिनं दारावर इंग्रजी पाटी लावली आणि खाली मराठीत लिहिलं, ‘घराची आतली मांडणी करून मिळेल.’ पहिले दोन महिने तिच्याकडे मांडणी करायला कोणी आलं नाही. टेबलावर लॅपटॉप दिसला की लोक सातबारा काढायला यायचे. ती त्यांना पाणी द्यायची आणि दोन दुकानं पुढं पाठवायची. पण पाणी पिता पिता विचारायची, “काका, घरात सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल कुठं पडतं तुमचं?” एका म्हाताऱ्यानं सांगितलं, “बायकोच्या अंगावर.” ती उठून त्याच्याबरोबर गेली आणि त्याची बाज फिरवून आली. ते तिचं पहिलं काम.

तिच्या पिशवीबद्दल सांगते. लोखंडी टेप. भिंतीवर लाल ठिपका टाकून अंतर सांगणारं एक यंत्र. काचेच्या नळीत बुडबुडा असलेली लेव्हल. काटकोन बघायचा गुण्या. बारीक चौकटींची वही. पंख्यासारखं उघडणारं रंगांचं पुस्तक. आणि एका मोठ्या कडीत, किल्ल्यांसारखे ओवलेले सनमायकाचे तुकडे. त्या तुकड्यांमध्ये एक कापडाचा तुकडा होता, तिच्या आजीच्या घागऱ्याचा, आरसे लावलेला.

“हा कशाला?” मी विचारलं.

“कोणी म्हटलं हा रंग त्या रंगाशेजारी चालत न्हाई, की हा दाखवते. अकरा रंग हायेत यात. एक तरी भांडून राहिलाय का बघा.”

मी जन्मभर कापडात घालवला. मी बघितला. भांडत नव्हता.

पहिल्याच आठवड्यात तिनं लाल ठिपक्याच्या यंत्रानं माझी खोली मोजली. ठिपक्यामागं मांजर धावलं, मांजरामागं शेजारच्या दोन बाया बघायला आल्या. एका अंगाला खोली अकरा फूट चार इंच, दुसऱ्या अंगाला अकरा फूट एक इंच. ती खूश झाली. “मावशी, तुमची खोली वाकडी हाय!”

“चाळीस वर्षं राहून मला ठाऊक न्हाई व्हय? त्या कोपऱ्यात कपाट उगंच उभं केलंय का?”

तिनं वहीत काहीतरी लिहिलं. तिची ही सवय होती. उलटं बोललं की राग धरायची नाही, लिहून घ्यायची. पण हट्टी फार. डोळा खोटं बोलतो, टेप बोलत नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य. दिवसातून दोनदा ऐकवायची. मी म्हणायची, धरणारा वाकडा असला तर टेपही बोलते.

टेपला दुसरं टोक असतं आणि ते धरायला तिच्याकडे माणूस नव्हतं. मशीनवर बसून माझे डोळे दुखायला लागले होते. “टोक धरा, मावशी,” असं ती एकदा म्हणाली आणि मी धरलं. मग धरतच राहिले. जीपमध्ये बसून जिल्हाभर मी तिच्याबरोबर गेले ते टोक धरायला. लोकांना वाटायचं मी तिची आई. आम्ही दोघीही नाही म्हणायचो.

तिची काम करायची तऱ्हा वेगळी होती. कागदावर, लॅपटॉपवर सगळं काढायची, पण त्यावर विश्वास ठेवायची नाही. सुतार-गवंड्याला बोलावण्याआधी ती पलंग, कपाट, ओटा, सगळ्याच्या खऱ्या मापाच्या रेघा जमिनीवर काढायची. मग घरच्यांना म्हणायची, “आठ दिवस ह्यात राहा. कपाटातून चालायचं न्हाई. पलंगावरून उडी मारायची न्हाई. मग सांगा.”

मी विचारलं, हे कॉलेजात शिकवतात का.

“कॉलेजात चिकटपट्टीनं करतात. मी आधीच शिकलेले होते.” तिची आई तोडीला गेली की दर हंगामात नव्या शेताजवळ राहायला पाचटाची कोपी उभी करावी लागायची. पाचट रचण्याआधी आई मोकळ्या जमिनीवर राखेनं रेघ मारायची. इथं चूल, इथं लेकरं, इथं पाण्याची घागर. मग त्या रेघांच्या आत एकदा झोपून बघायची. पाय बाहेर गेले की रेघ पुसून पुन्हा मारायची. “याडीनं बारा घरं बांधली,” ललिता आईबद्दल म्हणायची, “अन् एकाही घरात आमचे पाय बाहेर गेले न्हाईत.” एवढं बोलून ती टेप खटकन सोडायची आणि टेप आपोआप डबीत जायची. हे बोलणं संपल्याची खूण होती.

दुसरी एक सवय. काम संपून महिना झाला की ती त्या घरी परत जायची आणि विचारायची, “काय चुकलं?” लोक संकोचानं म्हणायचे, काही नाही, सगळं छान. त्या दिवशी ती घरी येऊन जेवायची नाही. मला हा तमाशा वाटायचा. “अगं, छान म्हणाले ना?”

“छान पाव्हणे म्हणतात, मावशी. घरची बाई नावं ठेवती. नावं ठेवली न्हाईत म्हणजे ती अजून त्या घरात पाव्हणीच हाय.”

जवळा बाजारला एका शेतकऱ्याचं नवं घर होतं, जमीन अजून मुरमाची. चिकटपट्टी धुळीवर धरेना. ललितानं घरातल्या डब्यातली पांढरी रांगोळी घेतली आणि बैठकीत सोफ्याची रेघ काढली, मोठी, चौकोनी. आठ दिवसांनी आम्ही गेलो. रेघेच्या चारी कोपऱ्यांवर हळदकुंकू वाहिलेलं, मधोमध समई. घरातली माणसं भिंतीला घासून चालत होती. म्हातारी म्हणाली, “बाई, तुमी रांगोळी काढून गेला, मग त्यावर पाय कसा द्यायचा? आमी रोज दिवा लावून राहिलो.”

“आजी, तो सोफा हाय.”

“असू दे. कोणत्या देवाचा?”

परत येताना जीपमध्ये ललिता इतकी हसली की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. पण हसून झाल्यावर तिनं वहीत लिहिलं. त्यानंतर ती चुलीची राख डब्यात घेऊन फिरू लागली. राखेला कोणी हळदकुंकू वाहत नाही.

आता डोंगरकडा गावचं सांगते.

माधव नावाचा एक शेतकरी दारात आला. सातबाऱ्यासाठी आला असेल म्हणून मी हातानंच पुढचं दुकान दाखवलं. तो हलला नाही. म्हणाला, “ओट्याचं काम करतात त्या ताई कोण?” त्याच्या बायकोचा, नंदाचा, उजवा हात सोयाबीन काढताना मळणी यंत्रात गेला होता, पार कोपराच्या वर. दवाखान्यातून ती माहेरी गेली, ती दीड वर्ष झालं परत आली नव्हती. कोणी हाकललं नव्हतं. सासू तर म्हणत होती, ये बाई, मी करून घालते, तू नुसती बस. तेच नंदाला नको होतं. तिनं सांगून टाकलं होतं, माझ्या हातची भाकर होईल तेव्हा येईन, वाढून घ्यायला येणार नाही.

“शेतात नवं घर बांधून राहिलो,” माधव म्हणाला. “भिंती झाल्या, स्लॅब पडला. सैपाकघर असं करा की ती येईल.” थोडं थांबून म्हणाला, “न्हाई आली तर ते घर कुणासाठी बांधलं मी?”

असं काम ललिताला पुण्यात कोणी दिलं नसतं. तिला रात्रभर झोप नव्हती हे मला भिंतीतून कळलं, टेप खटखट वाजत होती.

आम्ही नंदाच्या माहेरी गेलो. ती दारातच उभी होती, रिकामी बाही पदराखाली. वय असेल तीस-बत्तीस. ललितानं टेप काढली, मी टोक धरलं. उंची, कोपरापर्यंतची उंची, डावा हात किती लांब पोचतो, किती वर जातो.

नंदा म्हणाली, “माप तर शिंप्यावाणी घेऊन राहिल्या. हात शिवून देता का?”

मी शिंपीण. मला ते लागलं आणि आवडलंही. ललिता म्हणाली, “हात न्हाई. ओटा.”

“ओटा काय करंल?”

“तुमाला काय करायचं ते सांगा.”

“भाकर,” नंदा म्हणाली. आणि आत निघून गेली.

ललितानं जीव ओतून नकाशा काढला. सगळं डाव्या अंगाला. नळ, डबे, पोळपाट, सुरी ठेवायची खाच. ओटा बत्तीस इंच, नंदाच्या कोपराच्या हिशेबानं. लॅपटॉपवर तिनं मला दाखवला, चकचकीत, वर पिवळा उजेड. मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना. म्हणून मी गप्प बसले. मी सहसा गप्प बसत नाही. तेव्हा बसले, ही माझी चूक.

डोंगरकड्याला ललितानं राखेनं रेघा काढल्या, विटा रचून बत्तीस इंचावर फळी टाकली, वर शेगडी ठेवली. माधव नंदाला नुसतं बघायला म्हणून घेऊन आला. सासू परात, पीठ, पाणी घेऊन उभी. ललिता म्हणाली, “एक भाकर करून बघा, नंदाताई. मग मिस्त्रीला सांगते.”

नंदा उभी राहिली. डाव्या हातानं पीठ मळायला लागली तशी परात फळीवरून सरकली. तिनं पोटानं दाबून धरली. पुन्हा सरकली. धरायला दुसरा हात नाही आणि उभ्यानं अंगाचा जोर खाली जात नाही. तिसऱ्यांदा परात खाली पडली. पीठ राखेच्या रेघेवर सांडलं.

सासू धावली, “सोड माय, सोड, मी करते!” तिच्या मनात वाईट नव्हतं. पण नंदाचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली. ती बाहेर जाऊन बांधकामाच्या वाळूवर बसली आणि माधवला म्हणाली, “सोडून ये मला. आत्ता.”

माधव ललिताकडे बघत राहिला. ललिता टेप हातात धरून उभी. 

मग मला काय खटकत होतं ते समजलं आणि मी विचारलं, “ललिता, तुला भाकर येते का?”

“न्हाई.”

“भाकर उभ्यानं थापायची, हे तुला कोणी सांगितलं?”

“सगळे ओटे उभ्याचेच असतात, मावशी. कोपराच्या खाली चार इंच. माप बराबर हाय.”

“माप बराबर हाय, पण उभ्या बाईचं हाय. मी ब्लाऊज शिवताना बाईला हात वर करायला लावते, खाली वाकायला लावते. नुसतं उभं राहून घेतलेलं माप बाहुलीचं. त्या बाईनं जन्मात उभ्यानं भाकर थापलेली न्हाई. तू तिला विचारलंस का, हात होता तेव्हा कशी करत होती?”

ललितानं टेप खटकन सोडली नाही. हळू आत जाऊ दिली. बाहेर गेली आणि नंदाशेजारी वाळूवर बसली.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “तुमी काय करता ते मी विचारलंच न्हाई. नुसती मोजत बसले.”

नंदा बोटानं वाळू उकरत राहिली.

“जायच्या आधी एकदा दाखवा. चुलीपुढं कशा बसायच्या?”

 जीपवाला हॉर्न वाजवायला लागला, त्याला मी दटावलं. मग नंदानं बसल्या बसल्या एक पाय दुमडला, एक गुडघा उभा केला. वाळूवर पंजानं गोल काढला. “परात हितं. उजव्या हातानं थापायची, डाव्यानं कड धरायची. आता थापायला डावा हाय, धरायला काय न्हाई.”

“म्हणजे कोणीतरी परात धरायला पायजे. बस?”

“माणूस नको,” नंदा ताडकन म्हणाली.

“माणूस न्हाई. दगड.”

ललितानं अंबाड्यातली पेन्सिल काढली. “टोक धरा, मावशी.” मी वाळूवर बसले. माझे गुडघे काय म्हणाले ते सांगत नाही. आम्ही नंदाला बसलेली मोजली. गुडघा, कंबर, बसल्यावर डावा हात कुठवर जातो, अंगाचा जोर कुठं पडतो. मग ललिता आत गेली, सगळी राख झाडून काढली आणि नवी रेघ मारली, भिंतीलगत, गुडघ्याएवढ्या ओट्याची. पुढं बसायला पाट. ओट्याच्या काळ्या दगडाला गोल भोक, त्यात परात कडेपर्यंत उतरून घट्ट बसेल. शेजारी शेगडीही खाली उतरवलेली, म्हणजे तवा परातीच्या कडेशी येईल आणि भाकर उचलावी न लागता हातावरून सरकेल.

मिस्त्री बिथरला. “ताई, चांगल्या दगडाला भोक? लोक मला हसतील. ओटा असा अस्तो व्हय?”

“तुमच्या घरी भाकर कोण करतं?”

“बायको.”

“तिला हसू द्या आधी. मग मला सांगा.”

भोकाचं माप तिनं टेपनं घेतलं नाही. नंदाची रोजची परातच दगडावर पालथी घातली आणि भोवती पेन्सिल फिरवली.

दगड कापून यायला वेळ होता. तोवर ललितानं सुताराकडून तसंच भोक पाडलेली एक फळी करून नंदाच्या माहेरी पाठवली, सरावाला. पंधरा दिवसांनी तिच्या आईचा फोन आला. म्हणाली, “पोरगी रोज चार भाकरी करून राहिली. दोन गाय खाती, एक कुत्रं खातं.” ललितानं विचारलं, चौथी? “चौथी ती लपवून ठेवती. कोणाला दाखवत न्हाई.”

घरभरणीला मी लुगडं नेसून गेले. शेतातलं घर, पुढं हळदीचं रान, पाहुणे मोजके. नंदा आली. आल्यावर कोणाशी न बोलता स्वयंपाकघरात गेली, पाटावर बसली, पाय दुमडला. परात दगडात बसली ती हललीच नाही. नंदानं पीठ मळलं, पूर्ण अंग टाकून. पहिली भाकर थापताना फाटली. सासू मांडीखाली दोन्ही हात दाबून बसली होती, हात आपोआप पुढं जाऊ नयेत म्हणून. मी त्या बाईला त्या दिवसापासून मानते.

दुसरी भाकर गोल नव्हती. पण ती हातावरून तव्यावर गेली, फुगली, उतरली. नंदानं ती माधवच्या ताटात टाकली. तिसरी सासूच्या. सासूनं घास तोंडात घातला आणि म्हणाली, “मीठ कमी हाय.” नंदा म्हणाली, “पिठात मीठ तुमीच टाकलंय.” तेव्हा सगळे हसले.

ललिता दारात उभी होती, हातात अर्धी भाकर, चघळत. तिनं तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. महिनाभर थांबली नाही, तिथंच विचारला. “काय चुकलं, नंदाताई?”

मला वाटलं, आता ही छान म्हणणार, आणि आमची बाई उपाशी झोपणार.

नंदानं तव्याकडे बघितलं, परातीकडे बघितलं. कपाळावरचा घाम दंडानं पुसला. “तवा वर हाय. दोन बोटं. सरकवताना भाकरीची कड मुडपून राहिली. अन् ही पिठाच्या डब्याची जागा कुणी काढली? उठावं लागतं मला. माझ्या घरात असलं चालणार न्हाई.”

मी ललिताकडे बघितलं. तिला कोणी सोन्याचं काही दिलं असतं तरी तिचा चेहरा तसा झाला नसता.

“दोन बोटं कोणाची?” तिनं विचारलं.

“माझी. अजून कुणाची?”

त्याच आठवड्यात तिला हिंगोलीत मोठं काम मिळालं आणि तिनं माझी पुढची खोली सोडली. आता तिच्याकडे दोन पोरी कामाला आहेत. टोक धरायला माणूस आहे. फोन करते, मी बरी आहे म्हणते. पुढच्या खोलीत आता खताच्या दुकानाचं सामान असतं, माझ्या खोलीतलं वाकड्या कोपऱ्यातलं कपाट तसंच आहे. पण ती आठवते ती त्या स्वयंपाकघरातली. नवी साडी, गुडघे नंदाच्या पाटावर, गाल ओट्याला लावून एका डोळ्यानं परातीच्या कडेवरून तव्याकडे बघते आहे. अंबाड्यात पेन्सिल, दातात अर्धी भाकर. लेव्हलमधला बुडबुडा हलतोय आणि मागून नंदा ओरडते आहे की माझ्या पाटावरून उठा, अजून सात भाकरी करायच्या राहिल्यात. ललितानं तिचा डावा हात धरला, मधली दोन बोटं जोडली आणि त्यांच्यावर आडवी टेप लावली. मग भाकर दातातून काढून माझ्याकडे न बघताच म्हणाली, “टोक धरा, मावशी.”

मी धरलं. सव्वा इंच भरलं.